खोट्या सिग्नलचा माग

ड्रोनला कुणी फसवायला लागलं, तर मला ते दोन सेकंदांत कळतं. हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्या जणांना ऐकवलं आहे की आमच्या सोसायटीतला दूधवालाही ते पाठ म्हणून दाखवेल.

मी अभिमन्यू बिराजदार. मूळचा मैंदर्गीचा. सोलापुरात अक्कलकोट रोडवर एमआयडीसीला लागून एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आता फसवणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. ड्रोनला आपण कुठं आहोत हे आपलं आपल्याला कळत नाही. आकाशातल्या उपग्रहांचे सिग्नल ऐकून ते जागा ठरवतं. हे सिग्नल इतके बारीक असतात की जमिनीवरून कुणी तसलेच, पण खोटे आणि जरा जोरात सोडले, तर ड्रोन बिचारं त्यांच्यावर विश्वास ठेवतं. सोलापुरात उभ्या असलेल्या ड्रोनला तू साठेक किलोमीटरवरच्या दुधनीत आहेस असं पटवता येतं. विमानांना पटवता येतं, जहाजांना पटवता येतं, तुमच्या खिशातल्या मोबाईललाही पटवता येतं.

हे ओळखायचं कसं? वर्गात दहा पोरांच्या हजेरीचा आवाज दहा बाकांवरून यायला पाहिजे. सगळेच आवाज एकाच बाकावरून आले, की मास्तरला कळतं, एकच पोरगं सगळ्यांची हजेरी लावतंय. उपग्रहांचं तसंच. खरे सिग्नल आकाशभर पसरलेले असतात, खोटे सगळे एकाच जागेवरून येतात. हे ओळखणारा, जेवणाच्या डब्याएवढा एक डबा मी तयार केला. वर चार अँटेना, बाजूला लाल दिवा, आणि गाडी मागं घेताना वाजतो तसला भोंगा. त्याचं नाव ठेवलं राखणदार.

खरं म्हणजे डब्यातली अक्कल माझी नव्हे, महेश्वरी गड्डम मॅडमची. त्या आमच्याच विभागात आहेत. आख्खा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. मी नाव ठेवलं आणि भोंगा बसवला.

राखणदाराची परीक्षा घ्यायची तर खोटं बोलणारं कुणीतरी हवं. त्यासाठी खोटे सिग्नल तयार करणारं एक यंत्र प्रयोगशाळेत होतं. आम्ही त्याला खोटारड्या म्हणायचो. पण असले सिग्नल हवेत सोडायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून खोटारड्या लोखंडी पेटीत बंद करायचा, त्याच्याजवळ एक रिसीव्हर ठेवायचा, आणि जे काय खोटं बोलायचं ते आतल्या आत बोलू द्यायचं.

नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी दुपारी दोन वाजता जिल्ह्याचे अधिकारी राखणदार बघायला येणार होते. सकाळी अकराला मी रंगीत तालीम ठेवली. त्यासाठी दुधनीहून रेश्माताई आपलं फवारणीचं ड्रोन घेऊन आल्या होत्या. ड्रोन त्यांच्या बचत गटाचं. बारा बायकांत मिळून एक, आणि ते उडवायचं शिकलेल्या एकट्या रेश्माताई. तूर फुलावर होती, अळी पडली होती, आणि गुरुवारपासून त्यांना एकामागून एक शेतं फवारायची होती.

"सर, दोन तासांत सोडताव न्हवं?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"एका तासात," मी म्हणालो. "आज ड्रोन नुसतं वर धरायचं. ते जागेवर राहिलं, राखणदार गप्प राहिला, की झालं."

तालमीचा पहिला भाग प्रयोगशाळेत झाला. मी खोटारड्या चालू केला. खोटा प्रवास असा होता, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण हळूहळू उत्तरेकडं चाललोय. पेटीतला रिसीव्हर बरोबर फसला. मग आम्ही सगळे खाली मैदानावर निघालो.

"सर, आतलं बंद करू का?" महेश्वरी मॅडमनी दारात विचारलं.

"राहू द्या. परत चालू करून स्थिर व्हायला वीस मिनिटं जातात. पेटी बंद आहे."

मैदानावर राखणदार टेबलावर ठेवला. रेश्माताईंनी रिमोट गळ्यात अडकवला, पदर खोचला आणि ड्रोन उचललं. वीस फुटांवर ते असं थांबलं, जसं कुणी खुंटीला टांगलंय. मी राखणदाराचं बटण दाबलं.

भोंगा वाजला.

दोन सेकंदांत. मी घड्याळ लावून बघितलं नाही, पण दोनच. खरा हल्ला! वर्षभर ज्याची वाट बघितली तो खरा, बाहेरचा हल्ला, आणि तोही तालमीच्या दिवशी. मी विकेट घेतल्यासारखे दोन्ही हात वर केले.

"सर," रेश्माताई म्हणाल्या, "हे सरकायलंय."

"वाजला, मॅडम, वाजला," मी महेश्वरी मॅडमना सांगत होतो.

"सर, मी काय बी केलं न्हाय. माझं ड्रोन चाललंय की."

ड्रोन दक्षिणेकडं निघालं होतं. त्याला वाटत होतं आपण उत्तरेला घसरतोय, म्हणून जागेवर राहायला ते दक्षिणेला सरकत होतं. रेश्माताईंनी ते झटकन हातच्या ताब्यात घेतलं, पण तोवर ते कॉलेजची भिंत ओलांडून टॉवेलच्या कारखान्यांच्या पत्र्यांमागं गेलं होतं. दिसेनासं झालेलं ड्रोन त्यांनी नुसत्या अंदाजानं खाली घेतलं. मग रिमोट तसाच गळ्यात ठेवून त्या फाटकाकडं पळाल्या.

मी त्यांच्यामागं गेलो नाही. हे मी नंतर पुष्कळदा आठवलं. मी टेबलाखालचा अँटेना उचलला.

एवढ्यात फोन वाजला. प्राचार्य उदयसिंह घाटगे सर.

"बिराजदार, कुठं आहात?"

"मैदानावर, सर."

"खोटं बोलू नका. हजेरीचं ॲप माझ्यासमोर उघडं आहे. तुम्ही, गड्डम मॅडम आणि आणखी अकरा जण एकाच चालीनं कॉलेजबाहेर पडलाय. मार्केट यार्डाच्या दिशेनं. सगळे मिळून कांद्याच्या लिलावाला निघालात काय?"

मी मोबाईल बघितला. नकाशावर माझा निळा ठिपका शांतपणे हैदराबाद रोडकडं चालला होता.

"सर," मी आवाज खाली आणून म्हणालो, "आपल्यावर हल्ला झालाय."

 घाटगे सरांचाही आवाज खाली आला. "कोण आहे?"

"अर्ध्या तासात नाव सांगतो."

माझा अँटेना घरी केलेला. एका दांडीवर ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्या, एका टोकाला लांब, दुसरीकडं आखूड होत गेलेल्या, आणि खाली काट्याचा मीटर. ज्या दिशेला धरल्यावर काटा सगळ्यात वर जाईल, तिथं शत्रू. मी मैदानात गोल फिरलो. काटा वर गेला तेव्हा माझं तोंड दक्षिणेला होतं. ड्रोनही तिकडंच ओढलं गेलं होतं. सगळं जुळत होतं.

मी आणि महेश्वरी मॅडम एमआयडीसीत शिरलो. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, सायकलींच्या रांगा, आणि मधून मी, हातात अँटेना बंदुकीसारखा धरून. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी पेले खाली ठेवून वाट दिली.

"सर," थोड्या वेळानं मॅडम म्हणाल्या, "काटा खाली येतोय."

"येणारच. आपण जवळ आलोय हे त्याला कळलंय. त्यानं जोर कमी केला."

"आपण जवळ आलोय हे त्याला कसं कळेल?"

"हुशार आहे तो," मी म्हणालो. 

तिसऱ्या गल्लीच्या टोकाला अँटेना एका दुकानाकडं रोखला गेला, आणि मी जागीच थांबलो. दुकानाच्या पत्र्यावर सात डिश, नऊ-दहा जुने अँटेना, आणि दोन कर्णे. इतकी उघड जागा मी कधी बघितली नव्हती. आत एक सत्तरीचे गृहस्थ नाकावर चष्मा ओढून एका ॲम्प्लिफायरला सोल्डरिंगचा डाग देत बसले होते. पाटीवर नाव होतं धोंडप्पा.

"हे सगळं काय आहे?" मी दारातूनच विचारलं.

"दुकान हाय," ते म्हणाले.

"छतावर एवढे अँटेना कशाला?"

"अँटेनाचं दुकान हाय म्हणून."

"गेल्या अर्ध्या तासात तुम्ही काही सोडलंत का?"

"काय सोडलं म्हनता?"

मी नजर रोखून म्हणालो, "तुम्हाला माहीत आहे."

धोंडप्पांनी बराच विचार केला. "विडी सोडली," ते म्हणाले, "पण त्याला दोन वर्सं झाली."

मग मी त्यांना सगळं सुनावलं. ड्रोन, उपग्रह, कायदा, तीन वर्षांची शिक्षा. ती शिक्षा तीन वर्षांची आहे का हे मला नक्की ठाऊक नव्हतं, पण त्या वेळी तोंडात तोच आकडा आला. धोंडप्पा सगळं ऐकून घेत होते. माझा श्वास संपल्यावर त्यांनी पायानं एक स्टूल पुढं सारलं.

"कुंद्री सर, कुंद्री. बसा. ऊन लई हाय." महेश्वरी मॅडमना त्यांनी पंख्याखालची खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. मग हात पुढं केला. "हे बगू जरा."

मी अँटेना दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, एका कांडीचा स्क्रू अंगठ्यानं चाचपला.

"कुनी केलाय?"

"मी."

"झ्याक केलाय. पर उलटा धरलाय की."

मी मान वाकडी करून कांड्या बघितल्या.

"लांब कांडी पाठीमागं, बारक्या म्होरं," ते समजावून सांगू लागले. "तीस वर्सं हेच केलं मी. लोकं गच्चीवर उलटा बांदायची, आन टीव्हीत मुंग्या आल्या की मला बोलवायची. त्यात लाजायचं काय न्हाय. चांगल्या चांगल्यांचं हुतं."

हे मी शिकवतो. पाचव्या सत्रात, आकृतीसह, पाच मार्कांना. धोंडप्पांनी अँटेना हलकेच फिरवून माझ्या हातात दिला. काट्यानं उडी मारली. आता अँटेना बरोबर आमच्या कॉलेजकडं बघत होता.

महेश्वरी मॅडमनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांना त्या क्षणीच सगळं कळलं होतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मला नाही कळलं. मी म्हणालो, "म्हणजे शत्रू कॉलेजात घुसलाय." वाटेत माझा संशय भौतिकशास्त्र विभागावर गेला. गेल्या वर्षी त्यांना मोठी खोली हवी होती, ती मला मिळाली होती.

धोंडप्पा दुकानाला कडी लावून आमच्याबरोबर निघाले. "नीट सापडतंय का बगतो," म्हणाले. प्रत्येक पावलाला काटा वर चढत होता. फाटक, मैदान, जिना. पहिला मजला. भौतिकशास्त्राचं दार मागं पडलं, तरी काटा चढतच होता. शेवटच्या दाराला कुलूप होतं. त्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.

आत खोटारड्या मन लावून खोटं बोलत होता.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. राहिली म्हणजे मीच मागं ठेवली. ती लोखंडी पेटी मुळात चारी बाजूंनी बंद होती. पण पाहुण्यांना आतले दिवे लुकलुकताना दिसावेत म्हणून आदल्या आठवड्यात मी तिला पुढून चांगली हातभर काचेची खिडकी पाडून घेतली होती. महेश्वरी मॅडम म्हणाल्या होत्या, काचेवर तांब्याची जाळी लावू या, नाहीतर सिग्नल बाहेर जाईल. मी म्हणालो होतो, जाळीतून फोटो चांगला येत नाही. वर पाहुण्यांसमोर मीटरचा काटा ठळक हलावा म्हणून त्या सकाळी यंत्राचा जोरही वाढवला होता.

धोंडप्पांनी बोटानं काच वाजवली. "ही खिडकी कशाला?"

"आतलं दिसावं म्हणून."

"मग दिसलं की," ते म्हणाले. "समद्यांना दिसलं."

महेश्वरी मॅडमनी बटण बंद केलं. खाली मैदानावर इतका वेळ बोंबलणारा भोंगा थांबला. माझ्या मोबाईलवरचा ठिपका मार्केट यार्डाच्या दारातून परत कॉलेजात आला.

आणि घाटगे सर दारात आले. चेहरा फुललेला. "थांबला. हुसकावलात तुम्ही त्याला. बिराजदार, सोलापुरात असा हल्ला पकडणारे आपण पहिले. दोन वाजता अधिकारी येतायत, हे पहिल्यांदा सांगायचं. कोण होता, कळलं का?"

उत्तर ठाऊक असलेले खोलीत आम्ही तिघंच होतो. धोंडप्पा काचेकडं बघत होते. मॅडम माझ्याकडं.

"शोध चालू आहे, सर," मी म्हणालो.

सर खूश होऊन गेले. मॅडमनी आपली वही उचलली. "रेश्माताईंना फोन लागत नाहीये," एवढंच म्हणाल्या. तेव्हा कुठं मला आठवलं की एक बाई तासाभरापूर्वी एकटी पळत गेली होती.

रेश्माताई टॉवेलच्या दुसऱ्या कारखान्याच्या मागच्या अंगणात सापडल्या. ड्रोन तिथं उतरलं होतं. गाठोडी बांधणाऱ्या गोजाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी ते पहिल्यांदा बघितलं. कुणाचं तरी महागाचं दिसतंय, उन्हात तापायला नको, म्हणून त्यांनी त्यावर दोन टॉवेल पांघरले आणि शेजारी राखणीला बसल्या. एक पाय मोडला होता, एक पंखा चिरला होता. एवढ्यावर भागलं, कारण रेश्माताईंनी डोळ्यांआड गेलेलं ड्रोन इतक्या हळू खाली घेतलं होतं. माझ्या वर्गात कुणाला ते जमलं नसतं.

त्या जमिनीवर बसून मोडका पाय परत परत जोडून बघत होत्या.

"माझाच हात चुकला असंल, सर," माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या. "एक डाव वाटलं वाऱ्यानं गेलं. पर वारा न्हवता. माझंच कायतरी दाबलं गेलं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "परवा सकाळी गटाची बैठक हाय. सांगते बायकांला, मला न्हाय जमत, दुसरीला शिकवा. पयल्यापासनंच दोघी-तिघी म्हनत हुत्या, दहावी नापास बाईच्या हातात कशाला देता म्हून."

मी आयुष्यात बरंच काही शिकवलंय, पण एखाद्याला आपल्या चुकीसाठी स्वतःचा हात तपासत बसलेलं बघणं कसं असतं, ते मला त्या अंगणात कळलं. मी खाली बसलो.

"रेश्माताई, तुमचा हात चुकला नाही. ते खोटे सिग्नल माझ्या यंत्रातून आले. पेटी बंद नव्हती. मॅडमनी मला दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

त्यांनी हातातला पाय खाली ठेवला. "म्हंजी माझ्या ड्रोनला तुमी फशिवलं?"

"हो."

"आन तवा तुमी हात वर करून नाचत हुता."

"हो."

"मी सर, सर म्हनत हुते तवा."

"हो."

त्यांनी गळ्यातला रिमोट काढून हातात घेतला. मला वाटलं, आता तो डोक्यात घालतात. गोजाबाई मध्ये पडल्या. "आरं बाबा, हो हो काय करतुयास? आदी तिला पानी तरी आनून दे."

मी पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर रेश्माताई म्हणाल्या, "हे समद्यांम्होरं सांगायचं. तुमच्या साहेबांम्होरं. आन आमच्या बायकांम्होरं बी, दुधनीत येऊन."

दोन वाजता मी सांगितलं. सभागृहात, माईकवर, घाटगे सर शेजारी बसलेले असताना. सरांचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही, त्यांना अजून दोन वर्षं माझा गोपनीय अहवाल भरायचा आहे. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "म्हणजे हल्ला तुम्हीच केला आणि तुम्हीच ओळखला?" मी म्हणालो, "ओळखला महेश्वरी मॅडमच्या प्रोग्रॅमनं. पकडला धोंडप्पांनी. हल्ला तेवढा माझा." मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. त्या अधिकाऱ्यानं मात्र सगळं लिहून घेतलं. काय घडलं त्याचा अहवाल मी स्वतःच वरच्या कार्यालयाला पाठवला. त्यांनी खोटारड्याला सहा महिन्यांसाठी सील ठोकलं, आणि माझी खिडकी पत्र्यानं बंद करायला लावली. राखणदारावर आता महेश्वरी मॅडमचं नाव पहिलं आहे.

ड्रोनचा पाय धोंडप्पांनी त्याच दुपारी करून दिला. त्याला ॲल्युमिनियमची नळी लागत होती, ती त्यांनी माझ्या अँटेनामधून काढली. लांब कांडी. "ही असली काय, नसली काय, तुमाला सारखंच," म्हणाले. पंखा मॅडमनी मागवून बुधवारी बसवला. शुक्रवारी नव्हे, गुरुवारीच फवारणी सुरू झाली पाहिजे, हे रेश्माताईंनी तीन वेळा बजावलं होतं.

गुरुवारी सकाळी मी आणि महेश्वरी मॅडम दुधनीला गेलो. देवळाच्या ओट्यावर बाराच्या बारा बायका बसल्या होत्या. मी उभा राहून सगळं सांगितलं, अँटेना उलटा धरल्यापर्यंत. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण रेश्माताईंनी "आन मग?" असं विचारलं. शेवटी ज्या दोघी-तिघी कुरकुर करत होत्या, त्यांतल्या एकीनं विचारलं, "हे सर किती शिकलेत?" मॅडमनी सांगितलं. त्या बाईनं मान हलवली आणि रेश्माताईंकडं वळून म्हणाली, "तूच उडव बाई."

मग आम्ही तुरीत गेलो. नव्या पायाच्या ड्रोनच्या पोटाशी राखणदार बसवला होता. मॅडम मीटर घेऊन रेश्माताईंशेजारी उभ्या राहिल्या. मला रेश्माताईंनी मोबाईल बंद करायला लावला आणि दोन शेतं पलीकडच्या बांधावर, बाभळीखाली नेऊन बसवलं. तिथून मला फक्त एक बारीक घरघर ऐकू येत होती, आणि पिवळ्या फुलांवरून सरळ रेघेत जाणारा, वळून परत येणारा एक ठिपका दिसत होता. दुपारपर्यंत पाच शेतं झाली. राखणदार एकदाही वाजला नाही.

जेवणाच्या वेळेला रेश्माताई माझ्यासाठी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन बांधावर आल्या. पहिल्यांदाच जरा हसल्या.

"डबा लई बेस हाय सर. आमी वापरतो," त्या म्हणाल्या. "तुमी निस्तं असंच लांब बसत जावा."